इराण्याच्या खुर्चीचा पाय

पियानोचा हॅमर सहसा तुटत नाही, तुटते ती त्याच्या बुडाशी असलेली फ्लँज. अंगठ्याच्या पेराएवढा लाकडाचा तुकडा. एका टोकाला स्क्रूचं भोक, दुसऱ्या टोकाला दोन कान. या कानांच्या बेचक्यात हॅमरचा बुंधा बसतो आणि तिन्हींतून आरपार एक पिन जाते, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची. पिन लाकडाला घासू नये, खडखड होऊ नये म्हणून कानांच्या भोकांना आतून लाल लोकरी कापडाचं अस्तर असतं. पट्टी दाबली की हॅमर या पिनेवर झुलतो, तारेवर आपटतो आणि मागे येतो. कितीही वेळा झुलला तरी बाजूला केसभर हलता कामा नये. एवढी जबाबदारी ज्या कानावर, त्याच्या भोकाभोवती लाकूड उरलेलं असतं दोनेक मिलिमीटर!

पुण्याच्या कॅम्पातल्या एका पारशी आंटींच्या पियानोच्या अशा तेरा फ्लँजा गेल्या होत्या. कुणाचा एक कान, कुणाचे दोन्ही. माझी मुलगी आंटींकडे शिकायला जाते. मधल्या सप्तकातल्या, म्हणजे नेमक्या रोजच्या वापरातल्या पट्ट्या मुक्या. ‘इथे आवाज आला असं समज, डीकरी, आणि पुढे चल,’ असं आंटी शिकवायच्या. मुलगी घरी येऊन डायनिंग टेबलवर तसंच वाजवायची, तिथे तर काय, सगळंच समजायचं.

पियानो लंडनचा, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, उभा. ८८ ऐवजी ८५ पट्ट्या, कारण त्या काळात वरचे तीन स्वर बऱ्याच पियानोंना नसायचेच. लोखंडी फ्रेमवर नंबर कोरलेला आहे, त्यावरून साल काढता येतं. जुन्या इंग्लिश पियानोंत डॅम्पर, म्हणजे तारेचा आवाज थांबवणारे तुकडे, हॅमरच्या वर बसवून पुढे तारांचा पिंजरा करून ठेवलेला असतो, तो प्रकार सुदैवाने इथे नव्हता. तो असता तर मी या फंदात पडलेच नसते.

ट्यूनर वर्षातून एकदा मुंबईहून येतात. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं आणि सांगितलं, ‘मॅडम, ही फ्लँज आता मिळत नाही. मिळते ती दुसऱ्या मापाची. पूर्ण अ‍ॅक्शन बदला, नाहीतर कुणाला तरी शोभेला देऊन टाका.’ अ‍ॅक्शन म्हणजे पट्टी आणि तार यांच्या मधली सगळी लाकडी यंत्रणा. आंटी काहीच बोलल्या नाहीत. चहा करायला आत गेल्या.

मी चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला आहे. मोटारीच्या सीटखाली जी सरकणारी यंत्रणा असते, तिची ड्रॉइंगं काढते. पार्ट मिळत नाही हे वाक्य आमच्याकडे पूर्णविरामासारखं कुणी वापरत नाही; त्याच्या पुढे ‘मग कुठे करून घ्यायचा’ हे येतंच. तेव्हा आंटींची परवानगी घेऊन मी अ‍ॅक्शन बाहेर काढायची ठरवली.

उभ्या पियानोची अ‍ॅक्शन वरच्या दोन-चार कड्या सोडवल्या की अख्खीच्या अख्खी उचलून बाहेर येते. यायला हवी, असं म्हणू. प्रत्येक हॅमरला खालच्या लिव्हरशी बांधणारी एक सुती पट्टी असते, टोकाला कातडं लावलेली. हॅमर पटकन मागे ओढणं हे तिचं काम, आणि अ‍ॅक्शन बाहेर काढताना खालचे लिव्हर लोंबकळू नयेत हेही. या पट्ट्या कुजून गेल्या होत्या. हात लावला की पीठ. त्यामुळे उचलताना खालचे लिव्हर एकामागून एक ओघळले आणि मुलीला पियानोखाली झोपून ते हाताने धरून ठेवावे लागले.

मग रीतसर शोध. त्या काळातल्या पियानो कंपन्या अ‍ॅक्शन बहुधा स्वतः बनवत नसत, त्याचे वेगळे कारखाने असत. पॅरिसच्या हेरबुर्गर-श्वांडरच्या अ‍ॅक्शन लंडनच्या कितीतरी पियानोंत बसलेल्या सापडतात. आंटींची अ‍ॅक्शन त्याच घाटाची. आज जर्मनीत, इंग्लंडमध्ये फ्लँजा विकत मिळतात, पण स्क्रूच्या भोकापासून पिनेपर्यंतचं अंतर वेगळं. दीड मिलिमीटरचा फरक. ऐकायला काहीच नाही. पण पिन दीड मिलिमीटर सरकली की हॅमर तारेवर जिथे आपटायला हवा तिथे आपटत नाही. खालच्या आणि मधल्या स्वरांत तो तारेच्या लांबीच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शावर आपटतो, वरच्या स्वरांत जागा टोकाच्या आणखी जवळ जाते, आणि तिथे एवढ्याशा फरकानेही आवाज कोंदट होतो. शिवाय शेजारचे बहात्तर हॅमर एका रांगेत आणि हे तेरा वेगळ्याच. जुन्या बाजारातही जाऊन आले, रविवारी आणि बुधवारी दोन्ही. पियानोचे पितळी मेणबत्तीदाणे होते, पेडल होतं, पियानो नव्हता.

मार्ग दाखवला तो पेटीवाल्या काकांनी. आमच्या आजोबांची पेटी त्यांच्याकडेच दुरुस्तीला जायची. पियानोला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. पण फ्लँज हातात घेऊन, चष्मा कपाळावर सारून, ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग कानाच्या तुटक्या कडेवर नख घासलं. ‘हा पांढरा गोंद आहे. आधी कुणीतरी सुताराने चिकटवलंय. मूळचं सरसाने आहे.’ सरस गरम पाण्याने सुटतो, त्यामुळे सरसाचं काम पुन्हा उघडता येतं. पांढरा गोंद एकदा लाकडात मुरला की त्यावर दुसरं काहीही धरत नाही. म्हणजे जुने कान जोडण्याचा विचार बाद. नवीनच करायच्या.

‘माप कुठल्या तुकड्याचं घेतलंस?’ त्यांनी विचारलं. मी तुटलेल्यांपैकी त्यातल्या त्यात धड असलेल्या एकीचं सांगितलं. ‘ते फाडून टाक. मधल्या सप्तकातलं माप घ्यायचं नाही. तिथे शंभर वर्षं बोटं पडलीत. सगळ्यात वरच्या दोन पट्ट्या बघ, तिथे कोण वाजवतंय!’

खरंच होतं. वरच्या टोकाच्या फ्लँजा काढून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, लावला तर त्यांची भोकं गोल होती. मधल्यांची लांबट झालेली. कापडाखाली पिनेने लाकूडसुद्धा एका अंगाने दाबलं होतं. मधलीची हुबेहूब नक्कल केली असती तर झीजसुद्धा हुबेहूब उतरली असती. आमच्या कंपनीत नव्या मुलांना मी हेच सांगत असते की वापरलेल्या पार्टवरून ड्रॉइंग काढू नका. मला मात्र ते पेटीवाल्याकडून ऐकावं लागलं.

दुसरी गोष्ट हवेची. मी जुलैत मोजत होते. पुण्याच्या पावसाळ्यात दहा मिलिमीटर रुंदीचा लाकडाचा तुकडा आडव्या अंगाने दहावा हिस्सा मिलिमीटर सहज फुगतो आणि एप्रिलमध्ये तेवढाच आकसतो. फ्लँजा एकमेकींना खेटून बसतात, मधे फट फार नसते. म्हणून रुंदी थोडी कमी धरली आणि कापायचं काम पाऊस ओसरल्यावर करायचं ठरवलं.

लाकूड कुठलं? मूळ तुकडा हॉर्नबीमचा असावा असा अंदाज, घट्ट आणि पांढुरका. तो इथे मिळायचा नाही. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये साग सगळीकडे, पण साग तेलकट, सरस नीट धरत नाही, आणि एवढ्या बारीक कानाला त्याचे रेषे भरड पडतात. स्टीम बीच, म्हणजे वाफवलेलं बीचचं लाकूड, मिळतं, फर्निचरवाले वापरतात. दुकानदाराने दाखवलंही. पण ते नवं, अजून मुरलेलं नाही, आणि मला हवं होतं किती, तर ओंजळभर. ‘ताई, एवढ्याला बिल काय फाडू?’ म्हणाला.

बीच शेवटी मिळालं ते कॅम्पातल्याच एका भंगारवाल्याकडे. इराणी हॉटेलातल्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या काळपट खुर्च्या आठवतात? वाफेवर मऊ करून गोल पाठ वळवलेल्या. त्या बीचच्या असतात, युरोपातून आलेल्या. वाकवताना चिरू नये म्हणून त्यांच्यासाठी सरळ रेषांचं, गाठी नसलेलं लाकूड निवडलेलं असायचं. पाठ मोडलेल्या एका खुर्चीचे पुढचे दोन सरळ पाय मी घेतले. कित्येक वर्षं चहाच्या वाफेत आणि बन-मस्क्याच्या लोण्यात मुरलेले. वरचं पॉलिश रंध्याने काढल्यावर आतून गुलाबीसर, घट्ट, अगदी सरळ रेषा. फ्लँजेला हवी तशी.

आता करणार कोण? फर्निचरच्या सुताराचा हिशेब मिलिमीटरात, मला हवा होता दहाव्या हिश्शात. भोसरीला पॅटर्नवाले आहेत. ओतकाम करताना वाळूत साचा उठवायला आधी लाकडाचा नमुना लागतो, तो बनवणारे. हल्ली ते काम बरंचसं मशीनवर गेलंय, पण एका मिस्त्रींशी आमच्या कंपनीचा जुना संबंध होता. त्यांच्याकडे लाकूडकामाची हत्यारं आणि टूलरूमची शिस्त, दोन्ही एका माणसात. भिंतीला श्रिंकेज स्केल टांगलेली. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, पितळ साधारण दीड टक्का, म्हणून या पट्टीवरचा सेंटिमीटर मुळातच तेवढा मोठा असतो. (आंटींचा एक मेणबत्तीदाणा हरवलाय. जोडीच्या दुसऱ्यावरून सरळ साचा उठवला तर नवा तेवढा बारका येईल आणि समोरासमोर दिसेलच, हे मिस्त्रींनी न विचारता सांगितलं. ते काम अजून राहिलंय.)

मिस्त्रींनी ड्रॉइंग पाहिलं, फ्लँज पाहिली, आणि ड्रॉइंग बाजूला ठेवलं. ‘ताई, एकेक नाही करायची. आधी भोक, मग कान.’

त्याचा अर्थ काम सुरू झाल्यावर कळला. दोन कानांची भोकं एका रेषेत नसतील तर पिन तिरपी बसते आणि हॅमर वाकडा चालतो, शेजारच्या तारेला घासतो. कान आधी कापले आणि मग भोकं पाडली, तर ड्रिल दुसऱ्या कानावर टेकताना हमखास सरकतं. म्हणून खुर्चीच्या पायाचे आधी फ्लँजेच्या लांबीएवढे ठोकळे पाडले. रेषा स्क्रूकडून कानांकडे जाणाऱ्या राहिल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर कान पहिल्याच दिवशी उडेल. त्या ठोकळ्याला बाजूने फ्लँजेचा पूर्ण आकार दिला, रेलवर, म्हणजे सगळ्या फ्लँजा जिच्यावर स्क्रूने बसतात त्या लांब पट्टीवर, बसणारी पाठीमागची खाच धरून. मग ठोकळा घट्ट असतानाच पिनेचं भोक आरपार मारलं. आणि मग वड्या पाडाव्यात तसे त्याचे काप काढले, प्रत्येक काप म्हणजे एक फ्लँज. बेचकं सगळ्यात शेवटी. पायाची जाडीच एवढी की एका ठोकळ्यात दोन, फार तर तीन निघत. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचे. मिस्त्री काप हातात आला की उजेडाकडे धरून भोकातून बघायचे आणि डावी-उजवी अशा दोन ढिगांत टाकायचे. उजवीकडच्या ढिगाबद्दल मी सुरुवातीला विचारलं नाही. नंतर लक्षात आलं, तो शेगडीसाठी होता.

कंपनीतल्या एका मुलाने दरम्यान उत्साहाने थ्री-डी प्रिंटरवर दोन फ्लँजा छापून आणल्या. दिसायला सुंदर. पण साध्या पीएलए प्लास्टिकला ६० अंशांच्या आसपासच मऊपणा येतो, आणि त्याच्या बऱ्याच आधी, सततच्या दाबाखाली ते हळूहळू बसत जातं. स्क्रू आज घट्ट, चार महिन्यांनी ढिला. त्यावर सरसाने लोकरी कापडही धरेना. माप जुळतंय का हे अ‍ॅक्शनमध्ये बसवून पाहायला मात्र त्या अगदी कामी आल्या. लाकडाला हात लावण्याआधीच एक कोन थोडा चुकल्याचं त्यांनी दाखवलं. कायमच्या बसवायच्या म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

आतलं लाल कापड आणि पिना मी परदेशातून मागवल्या. पिना अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने मिळतात, कापड ठरावीक जाडीचं विणलेलं असतं, आणि दोन्ही मिळून वजन काहीच नाही. कॅम्पातल्या एका टेलरकडचं लष्करी मेस-ड्रेसचं लाल कापड रंगाने तंतोतंत होतं, पण जाड. जिथे माप लोकरीच्या जाडीवर अवलंबून आहे तिथे काटकसर करायची नाही, हे मी ठरवून टाकलं.

कापड बसवायची रीत मजेशीर आहे. बारीक पट्टी कापायची, एक टोक शेपटीसारखं निमुळतं करायचं, ते दोन्ही कानांच्या भोकांतून ओवून घ्यायचं, सरस लावायचा आणि कापड ओढून गुंडाळी होईतो आत घ्यायचं. मग आत पिन खुपसून सुकू द्यायचं. सुकल्यावर दोन कानांच्या मधला आणि बाहेरचा भाग नव्या ब्लेडने सपाट उडवायचा. हे मी घरी, ओट्यावर केलं. सरस काकांकडचा, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून कोमट राखायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची पकड जाते. वासाबद्दल घरच्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं.

परीक्षा अशी: फ्लँज बोटांत धरायची, हॅमर लोंबता सोडायचा, हलकेच ढकलायचा आणि झोके मोजायचे. चार-सहा झोके घेऊन थांबला तर ठीक. दुसऱ्या झोक्यालाच थांबला तर पिन आवळली आहे. डझनभर झोके घेत राहिला तर सैल, आणि सैल पिनेचा पियानो खुळखुळतो. माझ्या पहिल्या काही आवळ होत्या. त्यावर उपाय पाण्यात स्पिरिट मिसळून एक थेंब: लोकर पिनेभोवती फुगते, आणि वाळताना थोडी जागा सोडून बसते. पावसाळ्याचा विचार करून मी झोके किंचित जास्तच राखले.

फ्लँज झाली तरी हॅमर नीट मागे येईना, कारण तिच्यात आणखी एक बारीक भानगड आहे. या घाटाच्या अ‍ॅक्शनमध्ये हॅमरच्या बुंध्यात एक तारेची स्प्रिंग असते आणि तिचं टोक फ्लँजेवरच्या रेशमी दोऱ्याच्या फासात अडकतं. त्या सुती पट्टीच्या जोडीने हॅमरला मागे खेचते ती ही स्प्रिंग. फास कुजला की स्प्रिंग मोकळी, आणि हॅमर तारेपाशी आळसावून उभा. आंटींच्या पियानोत फास जवळपास सगळेच कुजलेले, तेरांचे नाही, पंच्याऐंशीचे.

तयार दोरा मिळतो, हल्ली नायलॉनचाही. पण सोन्या मारुती चौकाजवळ पटवेकरी बसतात, दागिने गाठवून देणारे, आणि रेशमाचा गोफ वळणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांच्यातल्या एका मामांना मी फ्लँज दाखवली. ‘हे कशाचं? मंगळसूत्राचं पदक?’ पियानो म्हटल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, ‘ओढ किती पडणार?’ किती नेमका प्रश्न! मी स्प्रिंग वाकवून दाखवली. त्यांनी पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवलं, तीन पदर वळले, आणि वळलेला गोफ तसाच ताणून ठेवून दिला. ‘आज घेऊन जाऊ नका. आधी ओढ बसू दे, मग त्याची लांबी बदलत नाही.’ फास सगळे एका उंचीचे झाले पाहिजेत, नाहीतर एक पट्टी जड आणि शेजारची हलकी लागते. त्यासाठी मिस्त्रींनी एक खिळा ठोकलेला लाकडी ठोकळा करून दिला. दोरा खिळ्याभोवती घ्यायचा, खाचेत सरसाने बसवायचा, खिळा काढून घ्यायचा.

तुटक्या स्प्रिंगा भोसरीत झाल्या. फॉस्फर ब्राँझची बारीक तार सांगितलेल्या जाडीची, गुंडाळी मोकळी सोडली की थोडी उलगडते म्हणून सळई आधीच थोडी बारीक घ्यायची, एवढं त्या पोरांना सांगावंही लागलं नाही. हिशेब करताना तिथल्या शेठनी कमीत कमी हजार नग म्हटलं, मग वीस नग हातानेच वळून दिले आणि पैसे घेतले नाहीत. सुती पट्ट्या तुळशीबागेतल्या नाडीच्या, टोकाचं कातडं पेटीवाल्या काकांकडचं मेंढीचं, जे ते भात्याला लावतात. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्या सारख्या लांबीच्या कापल्या की झालं. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मुलीने आणि सासूबाईंनी केल्या.

पांढऱ्या पट्ट्यांवरचे पापुद्रे हा वेगळाच प्रश्न होता. पन्नासांपैकी चार निघून गेले होते. ते हस्तिदंताचे आहेत हे त्यांच्या जोडावरून कळतं: पुढचा रुंद भाग आणि काळ्या पट्ट्यांच्या मधला अरुंद भाग असे दोन तुकडे, मधे केसाएवढी रेघ, आणि तिरप्या उजेडात लाटांसारख्या फिकट रेषा. कुणीतरी सांगतं की तापलेली सुई टोचून बघा, हस्तिदंत जळत नाही. कृपा करून असं काही करू नका. जुन्या पट्ट्यांवर सेल्युलॉइडही असायचं आणि ते भडकन पेटतं. हस्तिदंत विकत घेण्याचा प्रश्नच नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि १९९१पासून आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद आहे. कुणी चोरून देऊ केलं तरी घ्यायचं नाही. मग दोन्ही टोकांच्या, फारशा न वाजणाऱ्या पट्ट्यांवरचे पापुद्रे ओल्या फडक्याच्या वाफेने सोडवून मधे आणले, आणि टोकांना बुधवार पेठेतल्या नावाच्या पाट्या बनवणाऱ्याकडून मळकट पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे तुकडे कापून बसवले. आंटींना कळलं. ‘खालचा ए थंड लागतो बोटाला,’ म्हणाल्या.

हॅमरच्या टोकाच्या फेल्टला, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरीला, आम्ही हात लावला नाही. ते दाबाखाली ताणून बसवलेलं असतं, साच्यात, कारखान्यात. खोबण्या पडल्या होत्या त्या बारीक सँडपेपरने वरवर घासून गोलाई परत आणली, तेवढंच. फेल्ट मिळतं म्हणून इथे चिकटवून देणारे आहेत. त्याने पियानो टेबलावर बुक्की मारल्यासारखा वाजतो.

खर्जाच्या तीन तारा तुटलेल्या होत्या. पोलादी गाभ्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली अशी ही खर्जाची तार असते. तांब्याने वजन वाढतं, त्यामुळे लांबी फार न वाढवता खालचा स्वर मिळतो. एक वरच्या खुंटीजवळ तुटली होती, तिला ट्यूनरनी नव्या तारेचा तुकडा गाठ मारून जोडला, त्या गाठीचं कसब बघण्यासारखं आहे. उरलेल्या दोन तांब्यातच तुटल्या होत्या. स्प्रिंगवाल्या शेठकडे पियानो वायरची रिळंच्या रिळं पडलेली होती, आणि मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे तांबं. मोह झाला. पण रिवाइंडिंगचं तांबं वार्निश चढवलेलं असतं, ते वाजत नाही. आणि एकेका तारेवर ७०-८० किलोचा ताण असतो. दोनशेच्या वर तारा, म्हणजे लोखंडी फ्रेमवर १५ टनांच्या आसपास. अशा ठिकाणी घरगुती प्रयोग फुटला तर तो मुलीच्या तोंडासमोर फुटणार. त्या दोन तारांची मापं, कागद ठेवून पेन्सिलीने खुंट्या-खिळ्यांची उठवलेली छाप, आणि तुटके तुकडे असं सगळं तारा बनवणाऱ्यांकडे परदेशी पाठवलं.

अ‍ॅक्शन परत बसवल्यावर ट्यूनर आले. त्यांनी तेरा फ्लँजा शोधायचा प्रयत्न केला, सापडल्या त्या रंगावरून, इतर पिवळ्या पडलेल्या, या गुलाबी. हॅमर बोटाने झुलवून पाहिले. ‘मुंबईत मला दहा हव्यात, करतील का ते मिस्त्री?’ एवढंच विचारलं. मी नंबर दिला.

वाद झाला तो सुरावरून. पियानो जवळजवळ अर्धा स्वर उतरलेला. आज मधल्या सप्तकातला ‘ए’ हा स्वर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. १९३९ साली लंडनच्या परिषदेत हे ठरलं. मी म्हटलं, आता सगळं झालंय तर ४४०वर आणू. ट्यूनर म्हणाले, फ्रेम सोसेल, शंभर वर्षांच्या तारा सोसणार नाहीत. चार तरी तुटतील, आणि त्या तुमच्या भोसरीत मिळत नाहीत. आंटींनी निकाल दिला, ‘माझा गळा पण आता तितका वर जात नाही. राहू दे खाली.’ मग पियानो आहे त्याच पातळीवर, पण स्वतःशी सुरात लावला. आंटींच्या भाच्याला व्हायोलिन घेऊन यायचं असेल तर त्याने ते उतरवून घ्यावं.

परदेशच्या दोन तारा कस्टममध्ये आहेत. खर्जात बऱ्याच स्वरांना दोन-दोन तारा असतात, तेव्हा त्या दोन स्वरांचं सध्या एकेकीवर चाललंय, आवाज जरा अशक्त येतो इतकंच. खुर्चीचा दुसरा पाय माझ्याकडे पडून आहे. मिस्त्रींनी तो परत मागितलाय, ट्यूनरच्या दहासाठी.